परकोटाच्या आतली माणसे

(कारधा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळ्यात कारध्याचे नाव जिल्ह्यातल्या घराघरात घेतले जाते. वर सिवनीकडे संजय सरोवराचे दरवाजे उघडले, की भंडाऱ्यापासून पवनीपर्यंत एकच प्रश्न असतो : कारध्याला पाणी किती? २४५.५० मीटर ही इथली धोक्याची पातळी शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा वस्त्यांमध्ये शिरली, तेव्हा माणसे रात्रभर तो आकडा विचारत जागी होती. पूर ओसरतो, धान निसवायला लागते, आणि नदीचा विषय संपतो. पुढचे आठ महिने वैनगंगा आपल्याला आठवते ती रेतीच्या ट्रकमुळे किंवा नळाला येणाऱ्या पाण्याच्या वासामुळे.

मला आज त्या आठ महिन्यांबद्दल बोलायचे आहे. याच नदीच्या काठाने कारध्याहून भंडारा, तिथून आंभोऱ्याचा संगम आणि पुढे पवनी, असा एक जुना पट्टा आहे. वारसा आणि पर्यटन यांच्या आधारे या पट्ट्याला, त्यातही पवनीसारख्या प्राचीन नगराला, पुन्हा उभारी देता येईल का, आणि दिली तर ती कुणाच्या भागीदारीत, हा माझा विषय. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते मुलांना वर्गाबाहेर नेऊन इतिहास शिकवत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून मीही तुम्हाला आधी पवनीला घेऊन जातो.

भंडाऱ्याहून दक्षिणेला निघालो, की अड्याळ मागे टाकून आपण पवनीत पोचतो. तीन बाजूंनी मातीचा प्रचंड परकोट, त्याच्या बाहेर खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा. आत घाट, देवळे, बालसमुद्राचे पाणी, आणि विणकरांच्या, ढिवरांच्या, व्यापाऱ्यांच्या गल्ल्या. बहुतेक लोक पवनीला देवळांचे गाव म्हणून ओळखतात, विदर्भाची काशी म्हणतात. ते खरेच आहे, पण ते वरच्या थराचे खरे आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. जगन्नाथ टेकडीच्या पोटात एक विशाल बौद्ध स्तूप निघाला, व्यासाने सांचीच्या महास्तूपाच्या तोडीचा. मौर्यांच्या काळापासून सातवाहनांच्या काळापर्यंत त्याची डागडुजी आणि वाढ होत राहिली. त्याच्या कठड्याच्या खांबांवर बोधिवृक्षाची पूजा आहे, फणा उभारलेला मुचलिंद नाग आहे, हत्ती आहेत. भारहूतच्या शिल्पांशी या खांबांचे नाते अभ्यासकांनी लगेच ओळखले. त्याच नगरात भार वंशाच्या भगदत्त राजाचा शिलालेख सापडला, आणि रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रप कुमाराचा स्मृतिस्तंभही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या क्षत्रपांचा एक मानकरी या वैनगंगेच्या काठापर्यंत पोचला होता. कुठे गुजरात-माळवा आणि कुठे आपली पवनी!

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. पवनीच्या कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. हा स्तूप एखाद्या राजाने एका हुकमाने बांधून टाकलेला नाही. उपासक आले, उपासिका आल्या, कुणी एक खांब दिला, कुणी एक आडवी शिळा दिली, आणि आपले नाव तिच्यावर राहू दिले. आज आपण सरकारी कागदात ज्याला लोकसहभाग म्हणतो, तो या मातीत दगडावर कोरून ठेवलेला आहे. माझा आग्रह एवढाच आहे, की पवनीची नवी उभारणीही त्याच रीतीने व्हावी. ज्याचा वाटा, त्याचे नाव; आणि जो तिथे राहतो त्याचा वाटा पहिला.

आता सध्याची स्थिती बघू. पवनीतली उत्तमोत्तम शिल्पे नागपूरला गेली. त्या वेळी ते योग्यच होते, उघड्यावर राहिली असती तर आज आपण फक्त त्यांच्या चोरीच्या हकिकती सांगत बसलो असतो. पण गावात येणाऱ्या माणसाला टेकडी चढल्यावर दिसते काय? देऊळ दिसते, काही खांब दिसतात, गवत दिसते. आपण एका महान स्तूपावर उभे आहोत हे त्याला कुणी सांगत नाही. पाचव्या मिनिटाला तो उतरतो, घाटावर नदीला हात जोडतो, चहा पितो आणि निघून जातो. दहा रुपयांचा चहा, एवढेच त्याच्या भेटीचे गावाला मिळालेले उत्पन्न. पवनीत रात्र काढावी असे त्याला वाटण्यासारखे आपण काहीही ठेवलेले नाही.

आणि तरीही या पट्ट्यात माणसे येत आहेत, हे विसरून चालणार नाही. पवनीजवळ रुयाड-सिंदपुरीला महासमाधीभूमी महास्तूप जपानी बौद्ध बांधवांच्या सहकार्याने उभा राहिला. दरवर्षी ८ फेब्रुवारीला तिथे धम्ममहोत्सव होतो, हजारो लोक येतात, परदेशी भिक्षू येतात. त्यांपैकी किती जणांना माहीत असते, की थोड्याच अंतरावर एका टेकडीच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ स्तूप आहे? आंभोऱ्याला जानेवारी २०२४ मध्ये केबलच्या आधाराचा नवा पूल खुला झाला. त्याच्या मनोऱ्यातल्या सज्जातून संगमाचा देखावा दिसतो. रविवारी नागपूरच्या गाड्यांची तिथे रीघ लागते. पुलाखाली चैतन्येश्वराचे देऊळ आहे, हरिनाथांची समाधी आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये, विवेकसिंधू इथेच रचला अशी इकडची परंपरा सांगते. काही अभ्यासक ते स्थान अंबाजोगाई मानतात, त्या वादात मी आज शिरत नाही. पण ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षे मराठीत वेदान्त सांगणाऱ्या ग्रंथाचे नाव त्या सज्जात सेल्फी काढणाऱ्या मुलाला कळू नये, याचे मला मनापासून दुःख होते. मुलाचा त्यात काहीच दोष नाही. त्याला सांगणारा माणूस आपण तिथे उभा केला नाही.

पूल हवा होता. दोन जिल्ह्यांमधले अंतर त्याने कमी केले, आजारी माणूस नागपूरला लवकर पोचू लागला. माझी तक्रार पुलाबद्दल नाही. माझी चिंता अशी आहे, की उंच बांधकाम हेच पर्यटन, असा समज आपल्याकडे पक्का होत चालला आहे. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात जलपर्यटनाचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला, २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजनही झाले. त्यात बोटी असतील, धक्के असतील, निवासाची सोय असेल. चांगले आहे. पण या बोटी कोण चालवणार?

हा प्रश्न मी मुद्दाम कारध्यात विचारतो आहे, कारण त्याचे उत्तर या काठावर बसलेले आहे. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. शेतीला पाणी मिळाले, त्याचे मोल आहेच. पण नदी थबकली. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात ढिवर कुटुंबे डांगरवाड्या लावत, त्या पाण्याखाली गेल्या. फुगवट्याच्या पाण्यावर जलपर्णी पसरली. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, आणि पाणी पुढे सरकेनासे झाल्यावर त्या घाणीची झळ वरच्या अंगाला भंडाऱ्यापर्यंत जाणवू लागली. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आहे. तो पूर्ण होईपर्यंत वैनगंगेवरचे जलपर्यटन म्हणजे वास सहन करत केलेली सहल असेल. घाटावरची नदी नितळ नसेल, तर घाटाच्या पायऱ्या कितीही घासून काय उपयोग? म्हणून मी वारशाची चर्चा नदीपासून वेगळी काढायला तयार नाही. पवनीचा परकोट आणि नागपूरचे नाले एकाच कागदावर आले पाहिजेत.

डोंगा चालवणारा ढिवर या नदीचा तळ ओळखतो. पाणी कुठे फिरते, कुठे खडक आहे, मासा कुठल्या महिन्यात कुठे असतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. धरणाने त्याची वाडी घेतली, त्याची मासेमारी बदलली. त्याच धरणाच्या पाण्यावर उद्या पर्यटक येणार असतील, तर त्या बोटींवर पहिला हक्क त्याचा आहे. त्याला जॅकेट घालून पगारी नोकर म्हणून उभे करणे म्हणजे भागीदारी नव्हे. मच्छीमार सहकारी संस्था या जिल्ह्यात जुन्या आहेत. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या ठेक्यांचा कारभार त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आल्या. बोटींचा परवाना अशा संस्थेला मिळावा, कर्ज तिच्या नावावर व्हावे, विमा आणि सुरक्षेचे प्रशिक्षण सरकारने द्यावे. यात अवघड असे काय आहे?

कुणी म्हणेल, हे बोलायला बरे, पण कुठे झाले आहे का? झाले आहे, आणि फार लांबही नाही.

आपल्या शेजारी चंद्रपूर आहे. गोंड राजांचे नगर, खांडक्या बल्लाळशहाने वसवलेले. सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा कोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि मधल्या खिडक्या. बुरुजांवर झाडे उगवली होती, भिंतीला लागून कचऱ्याचे ढीग होते, आणि गावातल्या माणसालाच किल्ला दिसेनासा झाला होता. बंडू धोतरे यांच्या इको-प्रो या संस्थेतल्या मुलांनी मार्च २०१७ मध्ये कुदळ-फावडी उचलली. रोज सकाळी काम. दोनशे दिवस सलग ते चालले, तेव्हा पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला, आणि काम त्यानंतरही चालूच राहिले. पुरातत्त्व विभागाने त्यांना अडवले नाही, सोबत घेतले. काय काढायचे, काय तसेच ठेवायचे, कुठल्या दगडाला हात लावायचा नाही, हे विभागाने सांगितले आणि घाम या मुलांनी गाळला. मग दर रविवारी कोटावरून वारसा फेरी सुरू झाली. माझ्या मते चंद्रपूरची खरी कमाई स्वच्छ झालेल्या बुरुजांपेक्षाही या फेरीत आहे. आपल्या गावाची भिंत पहिल्यांदा वरून पाहिलेला चंद्रपूरकर त्या भिंतीवर कचरा टाकताना आता दहादा विचार करतो.

अहमदाबादची गोष्ट याहून जुनी आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी तिथल्या महापालिकेने एका संस्थेच्या मदतीने जुन्या शहरात वारसा फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघायचे, पोळांमधून, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांमधून, चालत जायचे आणि जामा मशिदीपाशी थांबायचे. देबाशिष नायक या वास्तुरचनाकाराने ती घडवली. सुरुवातीला कुणालाही हा पोरखेळच वाटला असता. पण रोज सकाळी अनोळखी माणसे आपल्या ओट्याकडे कौतुकाने बघत आहेत, हे दिसल्यावर पोळांमधल्या लोकांनी लाकडी नक्षीवरचे थर खरवडायला घेतले. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. भारतातले असे ते पहिले शहर. फेरी सुरू झाल्यापासून वीस वर्षांनी! ही वीस वर्षे ध्यानात ठेवा. आपल्याकडे उद्घाटनाच्या फितीपासून निकाल मोजायला सुरुवात होते आणि पुढच्या निवडणुकीला तो संपतो.

महेश्वरचे उदाहरण मला पवनीच्या सर्वांत जवळचे वाटते. अहिल्याबाईंची राजधानी, नर्मदेचे घाट, देवळे आणि घाटामागे विणकरांची वस्ती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला विणकाम धंदा मोडकळीला आला होता. होळकर घराण्यातल्या रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा ही संस्था उभारून मागावर बायकांना बसवले, महेश्वरी साडीला नवे गिऱ्हाईक शोधून दिले. किल्ल्यातले निवासस्थान, घाट आणि माग यांची एकमेकांना साथ मिळाली. माणूस घाट बघायला येतो, मागाचा आवाज ऐकून आत डोकावतो, साडी घेतो, आणि विणणारीचे नाव विचारतो. हेच पवनीत होऊ शकते.

आपल्या जिल्ह्याचा कोसा आठवा. ऐनाच्या झाडांवर किडे पाळणारा ढिवर, कोष उकळून धागा काढणाऱ्या बायका, आंधळगाव-मोहाडीच्या मागांवर बसणारा कोष्टी, आणि त्यातून निघणारी करवतकाठी. जंगलापासून मागापर्यंत ही सगळी साखळी एकाच जिल्ह्यात आहे, अशी जागा देशात फार थोडी सापडेल. पण ती तुकड्यातुकड्यांत जगते. कोष विकणाऱ्याला साडीची किंमत ठाऊक नाही, साडी घेणारीला ऐनाचे झाड ठाऊक नाही. भंडाऱ्याच्या पितळेच्या भांड्यांचेही तेच. एके काळी ज्या भांड्यांनी शहराची ओळख करून दिली, ती घडवणाऱ्या हातांची पुढची पिढी आता दुसऱ्या कामाला लागली आहे. कोकाच्या जंगलात वाघ बघायला आलेल्या कुटुंबाला परतीच्या वाटेवर ऐनावरचा किडा, मोहाडीचा माग आणि भंडाऱ्याचा पितळी गडवा दाखवणारा एकही रस्ता आपण आखलेला नाही. कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले. पर्यटक येतात, वाघ दिसला तर खूश होतात, नाही दिसला तर हिरमुसतात, आणि दोन्ही वेळा जेवायला नागपूरला जातात. आपल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तो चिन्नोरचा भात, तलावातल्या माशाचे कालवण, मडक्यावरची लांबरोटी पाहुण्याला वाढणारी खानावळ हमरस्त्यावर शोधावी लागते.

जंगलाचा विषय निघाला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. वनखात्याने एक नियम फार चांगला केला. अभयारण्याच्या दरवाजातून आत जायचे तर गाईड लागतोच, आणि तो आसपासच्या गावातला असतो. त्या एका नियमाने उमरेड-कऱ्हांडल्याच्या पवनी दरवाजाजवळच्या कितीतरी मुलांच्या हाताला काम मिळाले. त्यांना पक्ष्यांची नावे आली, पाहुण्यांशी बोलणे आले, आणि वाघ जगला पाहिजे हे त्यांच्या घरचे गणित झाले. जो नियम वाघाला लागू आहे, तो परकोटाला का नको? पवनीच्या टेकडीवर, घाटावर, भंडाऱ्याच्या जुन्या वाड्यांमध्ये, आंभोऱ्याच्या संगमावर नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी नेमलेले, विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने शिकवलेले स्थानिक मार्गदर्शक का नसावेत? मला वाटते, पवनीच्या पुनरुज्जीवनाला वेगळ्या योजनेची गरज पडण्याआधी हा एक नियम पुरेसा आहे.

खासगी कंपन्यांचे काय, असे विचारले जाते. राज्याने २००७ मध्ये महाराष्ट्र वैभव ही संगोपन योजना आणली. तिच्याखाली सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीने नळदुर्ग किल्ला सांभाळायला घेतला. बोरी नदीवरचा तो पाणीमहाल, नर-मादी धबधबे, आदिलशाहीतले ते जलस्थापत्य. तिथे बाग झाली, स्वच्छता आली, माणसे येऊ लागली. केंद्रानेही २०१७ मध्ये अशीच योजना सुरू केली. माझा कंपन्यांना विरोध नाही, पैसा आणि शिस्त त्यांच्याकडे असते. पण करारावर दोनच सह्या असतील, एक सरकारची आणि एक कंपनीची, तर गाव प्रेक्षक होते. पवनीसाठी कुणी पुढे आले, तर त्या कागदावर तिसरी सही नगर परिषदेची आणि चौथी तिथल्या रहिवाशांच्या संस्थेची हवी. तिकिटाचा ठरलेला हिस्सा परकोटाच्या आतल्या गटारांना, घाटांना, शाळेला मिळाला पाहिजे, आणि तो किती मिळाला हे चौकात फळ्यावर लिहिले गेले पाहिजे.

ही तिसरी-चौथी सही नसली तर काय होते, ते व्हेनिसला जाऊन बघावे. पाण्यावरचे ते शहर जगात सर्वांत सुंदर समजले जाते. १९५१ मध्ये त्याच्या जुन्या भागात पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. घरे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, किराणा दुकानाच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली, पाव विकणारा गेला, शिक्षक गेला. २०२४ मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून तिथे प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली, पण निघून गेलेली माणसे शुल्काने परत येत नाहीत. पवनी आज व्हेनिसपासून फार लांब आहे, मला ठाऊक आहे. पण रस्ता कुठे जातो हे निघण्याआधी विचारायचे असते.

आता थोडे अप्रिय बोलतो. वारसा हा शब्द ऐकला, की परकोटाजवळ घर असलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याची भीती खोटी नाही. केंद्र संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीने हे कायद्यातच आले. पावसात भिंत पडली तर दुरुस्तीसाठी कागद हलवत बसायचे, मुलाच्या लग्नाला खोली वाढवायची तर नकार ऐकायचा, हे त्याने देशभर पाहिले आहे. त्याला देशाच्या इतिहासावर व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याच्या घराची डागडुजी जुन्या पद्धतीने करायला अनुदान, चुन्याचे काम जाणणारा गवंडी, दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या तर परवान्याची सोपी वाट, आणि नगर परिषदेत एक खिडकी जिथे त्याच्या अर्जाला ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळेल, एवढे द्या. मग तोच परकोटाचा राखणदार होईल. भंडाऱ्यातल्या पांडे महालासारख्या वास्तूबद्दल लोकांनी आवाज उठवला, ही मी शुभखूण मानतो. मात्र वाड्याचा मालक आणि वाड्यावर प्रेम करणारे शहर यांची गाठ पाडून देणारी जागा आपल्याकडे नाही. ती नसल्यामुळे प्रकरण न्यायालयात किंवा जेसीबीखाली संपते.

दुसरी नाजूक गोष्ट. पवनीच्या टेकडीवर जगन्नाथ आहे आणि पोटात स्तूप आहे. शेजारच्या टेकडीला लोक सुलेमान टेकडी म्हणतात. गावात भोसलेकाळातली देवळे आहेत. एकाच मातीत इतके थर असले, की कुणीतरी उठून म्हणतो, खरा थर आमचा, बाकीचे उपरे. पर्यटनाच्या पैशाने या भांडणाला जोर येऊ शकतो, कारण फलकावर कुणाचे नाव वर लिहायचे हा प्रश्न लगेच येतो. माझे मत स्पष्ट आहे. पवनीचा मार्गदर्शक सगळे थर सांगणारा असला पाहिजे. बौद्ध भिक्षूला त्याने स्तूप दाखवावा आणि जगन्नाथाचे देऊळही दाखवावे; देवदर्शनाला आलेल्या आजीला त्याने पायाखालच्या मुचलिंदाची गोष्ट सांगावी. देवस्थानचे विश्वस्त आणि भिक्षुसंघ एका बैठकीत बसल्याशिवाय पवनीची कुठलीही समिती मी पूर्ण मानणार नाही. आणि भंडाऱ्याचे लोक हे करू शकतात, यावर माझा विश्वास आहे. याच भंडाऱ्यातून १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. त्यांचा पराभव झाला. ती निवडणूक जिल्ह्याच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान आहे. दीक्षाभूमीला येणाऱ्या लाखो माणसांना नागपूरहून जेमतेम साठ किलोमीटरवर हे पान आहे, हे आपण आजवर सांगितलेले नाही.

यात कारध्याचे काम काय? कारधा हा या सगळ्या पट्ट्याचा दरवाजा आहे. रायपूरकडून येणारा महामार्ग इथे वैनगंगा ओलांडतो. इंग्रजांच्या काळातला जुना लहान पूल पाण्याच्या इतक्या जवळून जातो, की पुरात तो बुडतो. कोरड्या महिन्यांत त्यावर उभे राहून नदी जशी दिसते, तशी ती महामार्गाच्या उंच पुलावरून दिसत नाही. भंडाऱ्याला वळसा घालणारा बाह्यवळण रस्ता झाला आहे, म्हणजे पुढे परगावचा माणूस मुद्दाम थांबवावा लागेल, तो वाहतुकीत अडकून आपसूक थांबणार नाही. अभियंत्यांनी तपासून सुरक्षित ठरवला, तर तो जुना पूल पायी चालणाऱ्यांसाठी राखावा. त्याच्या टोकाला नदीची पातळी कशी मोजतात, पूर कधी कुठवर आला, हे दाखवणारी एक छोटी जागा करावी. तिथेच पवनीचा, आंभोऱ्याचा, कोकाचा, मोहाडीच्या मागांचा नकाशा लावावा. ग्रामपंचायतीने जागा द्यावी, बांधकाम विभागाने पुलाची तपासणी करावी, जलसंपदा विभागाने आकडे पुरवावेत, आणि तिथे बसणारा माणूस कारध्याचाच असावा. खर्च म्हणाल तर एखाद्या स्वागतकमानीला लागतो तेवढाच.

आणि मोजायचे असेल तर मोजा, पण पर्यटक किती आले एवढेच मोजू नका. किती जण मुक्कामाला राहिले, गावातल्या किती घरांत त्यांचा पैसा गेला, किती माग वाढले, किती मुले पुण्या-मुंबईहून कामाला परत आली, हे दरवर्षी लिहून ठेवा. ही नोंद ठेवण्याचे काम जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, म्हणजे ती खात्याच्या अहवालात गुळगुळीत होणार नाही.

शेवटची सूचना या सभागृहातल्या तरुणांसाठी आहे. निधीची वाट बघू नका. पाऊस उघडल्यावर, दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी, पवनीला पहिली फेरी काढा. सकाळी सात वाजता परकोटाच्या दरवाजाशी जमा, खंदकाच्या कडेने चालत बालसमुद्रावर या, तिथून जगन्नाथ टेकडी आणि मग घाट. पुरातत्त्वाचा एक अभ्यासक नागपूरहून बोलवा, पवनीतला एक वयस्क माणूस सोबत घ्या, म्हणजे पुस्तकातले आणि गल्लीतले दोन्ही कळेल. घाटावर आल्यावर ढिवरांच्या बायकांनी केलेला नाश्ता पैसे देऊन खा. पुढच्या रविवारी पुन्हा जा. पहिल्या फेरीला पाचच जण आले तरी निघा, कारण सहावा माणूस त्या पाच जणांना परकोटावरून जाताना बघूनच येणार आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आज जाताना कार्यकर्त्यांकडे नाव आणि फोन नंबर लिहून द्यावा. पवनीतल्या मंडळींशी तारीख ठरवण्याचे काम मी माझ्याकडे घेतो.